स्पिंडलवरची चकाकी

१

पाइपाला पडलेलं भोक जेमतेम करंगळी जाईल एवढं होतं. तेवढ्याशा भोकातून उसळलेल्या उकळत्या पाण्यानं बॉयलरवरच्या ऑपरेटरचा उजवा हात खांद्यापासून मनगटापर्यंत भाजून काढला होता.

मुख्य कार्यालयाच्या तपासनीस बाई गुडघे मोडून खाली बसल्या आणि बॅटरीच्या उजेडात भोकाकडे बघत राहिल्या. बसल्या तशा पुन्हा उठणं जिवावर आलं होतं. मुलगी बाळंतपणाला माहेरी आलेली, बाळ तीन महिन्यांचं, रात्रभर त्याचं रडणं. त्यात पहाटेची गाडी. डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होत होतं.

"तुमचा फार वेळ जायचा नाही, मॅडम," कागद गिरणीचे मॅनेजर मागून म्हणाले. "माणूस सापडलाय. आमचा फिटर. बॉयलरला पाणी सोडणारा हा कंट्रोल व्हॉल्व्ह तीन आठवड्यांपूर्वी त्यानंच उघडला, त्यानंच बसवला. नीट बसवला नाही. पाच वाजता पोलिसांत तक्रार जाईल. तुमची सही तेवढी हवी."

"तो काय म्हणतो?"

"काही म्हणत नाही. हेच बघा ना. निर्दोष माणूस गप्प बसेल का?"

निर्दोष माणसंही दमली की गप्प बसतात हे बाईंनी पाहिलं होतं, पण मॅनेजरांना ते पटवायला अंगात त्राण हवं.

"व्हॉल्व्हची फाइल द्या," त्या म्हणाल्या.

फाइल आली. पहिलं पान मुख्य कार्यालयाच्या जुन्या परिपत्रकाचं. ते प्रत्येक गिरणीच्या प्रत्येक फाइलला लावलेलं असे आणि बाईंना तोंडपाठ होतं, म्हणून ते त्यांनी न वाचताच उलटलं. खाली अनुक्रमणिका होती. एकूण पानं बावीस.

बाईंनी थुंकी न लावता, एकेक कोपरा उचलून पानं मोजली. मग पुन्हा मोजली. एकोणीस भरली. पाण्याची गरज सांगणारं पान चार, मापाचं गणित असलेलं पान नऊ आणि खरेदीची शिफारस असलेलं पान चौदा नव्हतं. व्हॉल्व्ह केवढा असावा हे ज्या तीन पानांनी ठरवलं होतं, नेमकी तीच गायब होती.

"फिटरला फाइलखोलीत जाता येतं?" त्यांनी विचारलं.

"नाही," मॅनेजर म्हणाले.

२

वर्कशॉपमध्ये फिटरनं व्हॉल्व्ह खोलून टेबलावर मांडून ठेवला होता. जुन्या चादरीच्या तुकड्यावर, एकेक भाग ओळीनं, पाहुण्यांपुढे भांडी मांडावीत तसा. चाळिशीचा माणूस, दाढीचे खुंट वाढलेले, सदऱ्याचं एक बटण भलत्याच काजात.

"बसा, मॅडम," तो म्हणाला आणि एकुलतं एक स्टूल त्यानं पुसून पुढे केलं.

बाईंनी प्लग हातात घेतला. पाण्याची वाट अडवणारा आणि मोकळी करणारा तो पोलादी गोळा. एका अंगाला जळक्या कोळशासारखा खडबडीत झाला होता, बोट फिरवलं तर कातडी सोलवटेल असा.

"गाळानं झालं असेल?"

"गाळानं चर पडतात. लांब. हे कुरतडल्यासारखं आहे. पाइपातपण आतून असंच आहे, जिथं भोक पडलं तिथं." एवढं बोलूनच तो दमल्यासारखा झाला.

"आवाज यायचा?"

"खडी वाहिल्यासारखा. पाण्याच्या पाइपातून खडी. वर्ष झालं."

"मग सांगितलं नाहीत कुणाला?"

"सांगितलं की. तीन आठवड्यांपूर्वी उघडला तेव्हा हा प्लग मॅनेजरसाहेबांना नेऊन दाखवला. म्हणाले, पुढच्या शटडाऊनला गिरणी बंद असेल तेव्हा बघू. दुसरा प्लग नव्हताच, हाच पुन्हा घातला."

मॅनेजरांनी हे सांगितलं नव्हतं. बाईंनी वहीत टिपून घेतलं आणि प्लग वर-खाली करणारा दांडा, म्हणजे स्पिंडल, उचलला. चांगला वीतभर होता. सगळा मळकट, राखाडी. फक्त एका जागी नखाएवढ्या पट्ट्यात आरशासारखा चकाकत होता. जिथं घासला जातो तिथं स्पिंडल चकाकतो.

"हा एवढाच पट्टा तुम्ही पुसलात?"

"मी काहीच पुसलं नाही. निघाला तसा ठेवलाय."

बाईंनी त्या पट्ट्यावरून अंगठा फिरवला. काहीतरी डोक्याच्या उंबऱ्यापर्यंत आलं आणि झोपेच्या धुक्यात परत गेलं.

"हे बघा," त्या म्हणाल्या, "पाच वाजता तुमच्या नावानं तक्रार जाणार आहे. तुम्ही व्हॉल्व्ह बरोबर बसवला होता हे मला दिसतंय. तसं म्हणत का नाही?"

फिटरनं टेबलावरचा एक नट उचलून परत जागेवर ठेवला.

"मीच ऑपरेटरला तिथं पाठवलं," तो म्हणाला. "म्हटलं, जरा कान लावून ऐक, आवाज वाढलाय का. तो वाकला आणि फुटलं. माझ्या बायकोचा सख्खा भाऊ आहे तो. घरात ती माझ्याकडे बघतच नाही. ताट वाढते आणि आत जाते. लिहा माझं नाव. कागदपण मीच घेतले असं लिहा, म्हणजे मिटलं एकदाचं."

बाईंनी मान वर केली. कागद गेल्याचं त्यांना स्वतःला कळून अजून तास झाला नव्हता.

"कागद नाहीत हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

"कोणी सांगितलं असं नाही. पण अपघातानंतर तीन जण येऊन गेले इथं. वेगवेगळे. प्रत्येकानं हळूच विचारलं, तपासाला येणारे ती फाइल बघतात का. मी काय इतका खुळा आहे?"

३

फाइलखोलीत खिडकीजवळ उजेड होता. बाईंनी वाचायचा चष्मा लावला आणि कागदांऐवजी कागद जिथून गेले त्या जागा बघायला सुरुवात केली.

पान चारच्या जागी फाइलच्या चापाला कागदाची एक फाटकी कोर लटकत होती. खसकन ओढलं होतं कुणीतरी, डोळे मिटून दात उपटावा तसं. पान नऊच्या जागी बोटभर रुंदीची पट्टी शिल्लक होती, कडा इतकी सरळ की स्केल लावल्याशिवाय आणि ब्लेड धारदार असल्याशिवाय तशी येणार नाही. पान चौदाच्या जागी मात्र काहीच नव्हतं. चाप उघडून, वरची सगळी पानं उतरवून, चौदावं काढून घेऊन सगळं पुन्हा होतं तसं ओवलं होतं. वर कागदांच्या कडासुद्धा ठोकून सारख्या केल्या होत्या.

मॅनेजर दारात उभे होते. "आधी व्हॉल्व्ह बिघडवायचा, मग कागद चोरायचे. फिटर नसेल तर त्याचा कोणी साथीदार."

"चोर एक असता तर तिन्ही पानं एकाच तऱ्हेनं गेली असती," बाई म्हणाल्या. "हे तीन हात आहेत."

"म्हणजे टोळी?"

"टोळी असती तर एकानंच जाऊन तिन्ही आणली असती. या तिघांना एकमेकांचं माहीत नाही." त्यांनी चष्मा काढून नाकावरचे वळ चोळले. "ही तीन पानं लिहिली कोणी?"

मॅनेजरांनी बोटं मोजली. प्रोसेस इंजिनीअर, ड्रॉइंगकाका आणि खरेदीवाला. "पण ही माझी सगळ्यात चांगली माणसं आहेत, मॅडम. तिघंही."

बाईंनी घड्याळ पाहिलं. साडेबारा झाले होते.

४

प्रोसेस इंजिनीअर मुलगी सत्तावीस-अठ्ठावीसची असेल. समोर बसली आणि बोलता बोलता चहाबरोबरच्या बिस्किटाचे तुकडे करायला लागली. खात एकही नव्हती.

"बॉयलरला पाणी किती लागतं हे तू काढून दिलंस ना?"

"हो. तीन वर्षांपूर्वी. नोकरी लागून पंधराच दिवस झाले होते."

"किती काढलं होतंस?"

"आठवत नाही, मॅडम."

बाईंना आपल्या पहिल्या नोकरीतला पहिला आकडा आजही आठवत होता.

"फिटरदादांना काय होणार?" मुलीनं खाली बघतच विचारलं.

"पाच वाजता पोलीस येतील."

बिस्किटाचा भुगा झाला. "त्यांचं काही चुकलं नसेल. ड्रॉइंगकाकांचंही नसेल. काका तर चार महिन्यांनी निवृत्त होतायत. त्यांना यात ओढू नका."

"त्यांचं नाव मी काढलं नव्हतं," बाई म्हणाल्या.

ड्रॉइंगकाका आपल्या खोलीत पेन्सिलींना टोक करत बसले होते. संगणक येऊन युग लोटलं तरी पेन्सिली सुटल्या नव्हत्या. बाईंसाठी त्यांनी खारीचा नवा पुडा काढला आणि कुणी हातानं फाडावा तो पुडा स्केल लावून, ब्लेडनं, एका रेषेत कापला.

बाईंनी ती कड पाहिली. काकांनी बाईंना कड बघताना पाहिलं.

"घ्या ना," काका म्हणाले.

"काका, पान नऊ तुमच्या हातचं होतं."

"होतं. आता वय झालं. कुठं ठेवलं गेलं असेल." त्यांनी पेन्सिल उजेडात धरून टोक तपासलं. "त्या पोरीला मात्र काही बोलू नका. नवीन होती. आणि खरेदीवाल्याला तर गणितातलं काय कळतं? आम्ही जे लिहू ते तो मागवणार."

खरेदीवाल्याला गिरणीत सगळे 'उद्या-नक्की' म्हणत. काहीही मागा, तो उद्या नक्की म्हणणार. त्याच्या टेबलावरचा प्रत्येक कागद दुसऱ्या कागदाच्या कडेला कड लावून बसला होता, आणि बोलता बोलता तो बाईंची वहीसुद्धा हलकेच सरळ करून गेला.

"पान चौदा?" तो म्हणाला. "उद्या नक्की शोधून देतो, मॅडम."

"उद्या उशीर होईल. फिटरला आज नेतील."

त्याचा चेहरा उतरला. "बाकीची पानं आहेत ना पण? काकांचं गणित, पोरीचा आकडा? ते तर बरोबरच असणार. हुशार माणसं. घोळ झाला असेल तर तो पुढं झाला असेल."

"पुढं म्हणजे कुठं?"

उद्या-नक्कीनं वहीचा कोपरा तेवढा पुन्हा सरळ केला.

बाई बाहेर येऊन व्हरांड्यातल्या बाकावर बसल्या. तीस वर्षांत त्यांनी माणसं दुसऱ्याकडे बोट दाखवताना पाहिली होती. इथं तिघंही बाकीच्या दोघांना पाठीशी घालत होते, आणि कागद मात्र तिघांनी चोरले होते. चोरून लपवावं असं त्या पानांवर होतं तरी काय? लहान व्हॉल्व्ह घेतला असेल म्हणावं, तर बॉयलरला पाणी कधी कमी पडल्याची नोंद नव्हती.

साडेतीन झाले होते आणि हातात काहीही नव्हतं. तेवढ्यात फोन वाजला.

५

"आई, कामात आहेस का? लवकर सांगते." मुलीच्या आवाजात रडू गोळा झालं होतं. मागं बाळ टाहो फोडत होतं. "आज दुसरं निपल चिरलं. आठवड्यात दोन. दात नाहीत, काही नाहीत, नुसत्या हिरड्या, आणि असा चावतो की बाटलीचं निपल फाटतं. पोट भरत नाही त्याचं. याला काय झालंय गं?"

"धर आधी त्याला खांद्यावर. पाठीवरून हात फिरव. पितो कसा ते सांग."

"तोंडाला लावलं की दूध भसाभस येतं. ठसका लागतो. मग तो हिरड्यांनी दाबून धरतो, थेंब थेंब येईल एवढंच सोडतो, पुन्हा दाबतो. सगळा जीव त्या दाबून धरण्यातच जातो त्याचा. प्यायचं राहूनच जातं."

"निपल कोणतं आणलंयस?"

फोनवर बाळाचं हुंदके देणं ऐकू आलं.

"तूच सांगितलंस ना," मुलगी म्हणाली. "दुकानदार म्हणाला एक नंबर पुरे, बारीक भोकाचं. मला वाटलं एक नंबर जास्त असू दे, म्हणून दोन नंबर मागितलं. तुला विचारलं तर तू म्हणालीस, तीनच आण, लेकरू उपाशी राहायला नको."

बाई बाकावरून उठल्या. कशा उठल्या ते त्यांच्या गुडघ्यांनाही कळलं नाही.

"बाळा, चमच्यानं पाज आत्ता. थोडं थोडं. मी तासाभरात फोन करते."

वर्कशॉपमध्ये फिटर होता तिथंच होता. बाईंनी स्पिंडल उचलला आणि नखाएवढ्या चकाकत्या पट्ट्यावर पट्टी ठेवून मापलं. मग व्हॉल्व्ह पूर्ण उघडायला स्पिंडल किती सरकायला हवा ते मापलं. दोन्ही आकडे वहीत एकाखाली एक लिहिले.

"तीन वर्षांत हा व्हॉल्व्ह कधी पूर्ण उघडला?"

"पूर्ण?" फिटर पहिल्यांदाच हसल्यासारखा झाला. "मेहुणा म्हणायचा, हा व्हॉल्व्ह म्हणजे लाजरी नवरी. दार किलकिलं करून बघते आणि बंद करते."

"चला माझ्याबरोबर," बाई म्हणाल्या. "आणि ते बटण नीट लावा."

६

मॅनेजरांच्या खोलीत सगळे जमले तेव्हा साडेचार होऊन गेले होते. इंजिनीअर मुलगी खिडकीशी, काका खुर्चीत, उद्या-नक्की कपाटाला टेकून, फिटर दाराजवळ. मॅनेजरांपुढे तक्रारीचा टाइप केलेला कागद. बाईंनी स्पिंडल त्या कागदावरच ठेवला.

"हा दांडा इतका वर-खाली व्हायला हवा होता," त्यांनी बोटांनी अंतर दाखवलं. मग बोटं जवळ आणली, नखाएवढी. "तीन वर्षं तो एवढाच हलला. हा व्हॉल्व्ह जन्मभर मिटल्यासारखाच राहिला. कारण तो गरजेपेक्षा फार मोठा होता. जरा उघडला की बॉयलरमध्ये पाणीच पाणी, म्हणून लगेच मिटायचा. मिटला की कमी, म्हणून पुन्हा किलकिला."

"मोठा असला तर बिघडलं काय?" मॅनेजर म्हणाले. "मोठाच बरा की."

"मलाही तसंच वाटत होतं, दुपारपर्यंत." बाई खुर्चीत बसल्या. उभं राहून समजावण्याचे त्यांचे दिवस गेले होते. "पाणी त्या फटीतून जाताना जिवाच्या आकांतानं धावतं. वेग वाढला की दाब उतरतो. हे पाणी उकळायच्या बेतात असतं, दाब उतरला की त्यात वाफेचे बारीक बुडबुडे होतात. फट ओलांडली की दाब परत येतो आणि ते बुडबुडे फुटतात. फुटताना प्रत्येक बुडबुडा पोलादाचा कणभर तुकडा उडवतो. खडी वाहिल्यासारखा आवाज येतो तो त्याचाच. तीन वर्षं असं कुरतडलं जाऊन प्लग गेला, पाइप गेला, आणि शेवटी एका माणसाचा हात भाजला. फिटरनं व्हॉल्व्ह बरोबरच बसवला होता. चुकीचा व्हॉल्व्ह बरोबर बसवला."

दाराजवळ फिटरनं भिंतीला हात टेकला.

"मग एवढा मोठा व्हॉल्व्ह निवडला कोणी?" मॅनेजरांचा आवाज चढला.

"मी," खिडकीतून मुलगी म्हणाली.

"गप्प बस गं, मी," काका म्हणाले.

"दोघांचाही काही संबंध नाही," उद्या-नक्की कपाटापासून पुढे आला. "मी."

मग तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. चोरलेली पानं समोर आली असती तरी त्यांचे चेहरे इतके उघडे पडले नसते.

"तिघंही खरं बोलताय," बाई म्हणाल्या. "आणि प्रत्येकाला वाटतंय आपण एकटेच. म्हणून पानं गेली. तू खसकन ओढलंस, काकांनी स्केल लावून कापलं, यांनी फाइल पूर्ववत लावून ठेवली. माणूस चोरी करतानासुद्धा आपला हात घरी ठेवून येत नाही. आणा आता."

मुलीनं पर्समधून चार घड्यांचा कागद काढला. काकांचा ड्रॉइंगच्या नळीत होता. उद्या-नक्कीचा खिशात, प्लास्टिकच्या पाकिटात, एकही सुरकुती न पडलेला.

"किती पाणी लागत होतं?" बाईंनी मुलीला विचारलं.

"ताशी वीस टन." आता ती रडतच होती, पण आकडे स्पष्ट सांगत होती. "मी तीस लिहिलं. वाटलं, उद्या आणखी एक मशीन आलं आणि पाणी कमी पडलं तर सगळे म्हणतील नवीन पोरीनं घोळ केला."

"मला काय ठाऊक तिनं आधीच वाढवलंय," काका म्हणाले. "मी तीसचे चाळीस केले. दाबही हिशोबात कमीच धरला, म्हणजे माप मोठं येईल. आकडा देणारी मुलगी नवीन. म्हटलं चुकून कमी लिहिलं असेल, आपण सांभाळून घ्यावं."

"आणि चाळीसचा व्हॉल्व्ह कॅटलॉगमध्ये होता, अगदी काठावर बसणारा," उद्या-नक्की म्हणाला. "मी त्याच्या पुढचा मागवला. शंभरचा. तो लगेच मिळत होता, आणि वाटलं, काकांचं शेवटचं मोठं काम, त्यांना कोणी कमी पडलं म्हणायला नको."

वीस लागत होते. एक मशीन बंद असलं की दहा. आणि आला होता शंभरचा. कुणीही हलगर्जी केली नव्हती, कुणी पैसे खाल्ले नव्हते. प्रत्येकानं फक्त आपल्या बाजूनं थोडं जास्त घातलं होतं, जेवायला बसलेला नको म्हणत असताना एक पोळी वाढावी तसं.

"म्हणजे तक्रार कोणाच्या नावानं?" मॅनेजरांनी विचारलं. पाच वाजायला दहा मिनिटं होती. "कोणाचं तरी नाव लागेल ना, मॅडम. सुरुवात कोणी केली?"

बाईंनी फाइल जवळ ओढली. तिन्ही पानं आपापल्या जागी लावायची म्हणून चाप उघडला आणि सगळ्यात वर त्यांना पहिलं पान दिसलं. सकाळी न वाचता उलटलेलं.

आता त्यांनी ते वाचलं.

७

पंधरा वर्षांपूर्वी एका गिरणीत व्हॉल्व्ह लहान पडला होता आणि दोन दिवस काम ठप्प झालं होतं. त्यानंतर मुख्य कार्यालयानं सगळ्यांना हे पत्रक पाठवलं होतं. सहा ओळींचं. शेवटची ओळ अशी होती: "मापाबाबत शंका असल्यास प्रत्येक टप्प्यावर वाढवून धरावे, कमी पडू देऊ नये." खाली सही होती. सही बाईंची होती.

प्रत्येक टप्प्यावर. हे दोन शब्द लिहिताना त्यांची मुलगी शाळेत होती आणि त्या रोज शेवटच्या बसनं घरी जात होत्या. त्या टप्प्यांची बेरीज कुठं जाईल हा विचार करायला कोणाला वेळ होता? सावधपणाच तो. सावधपणानं कुणाचं वाईट होतं हे त्यांच्या डोक्यात कधी शिरलंच नव्हतं.

चाप उघडाच होता. पान सुटं होतं. खोलीतले सगळे आपापल्या चुकीकडे बघत होते, त्यांच्या हाताकडे कोणी नाही. सगळ्यांच्या सवयीचं पान, कोणी वाचत नाही असं. बावीसपैकी एकवीस भरली असती आणि एक कुठंतरी गहाळ झालं, एवढंच म्हणायचं होतं. सकाळपासून त्या ज्या तिघांना शोधत होत्या, त्यांना फाइलखोलीत कसं वाटलं असेल ते बाईंना आता बोटांच्या टोकापर्यंत कळलं.

त्यांनी पान फाइलमधून काढलं आणि मॅनेजरांसमोर, तक्रारीच्या कागदावर ठेवलं.

"सुरुवात इथून," त्या म्हणाल्या. "वाचा. मोठ्यानं वाचा."

मॅनेजरांनी वाचलं. सहीपाशी येऊन थांबले.

"मॅडम, हे… हे अहवालात घालायची गरज नाही. जुनं पत्रक आहे."

"गेल्या महिन्यातसुद्धा दोन गिरण्यांना याच पत्रकावर व्हॉल्व्ह गेलेत. तिथंही कोणीतरी कान लावून ऐकत असेल." बाईंनी वही उघडली आणि अहवालाचा मसुदा लिहायला घेतला. पहिलं नाव स्वतःचं. त्याखाली तीन. "तुमचंही येईल. तीन आठवड्यांपूर्वी हा प्लग तुम्हाला दाखवला होता. पुढच्या शटडाऊनवर टाकलंत तुम्ही."

मॅनेजरांनी स्पिंडलकडे पाहिलं. तक्रारीचा कागद त्यांनी स्वतःच स्पिंडलखालून ओढून घेतला आणि उभा-आडवा फाडला.

"तुमचं काय होईल?" ड्रॉइंगकाकांनी हळूच विचारलं.

"चौकशी होईल. होऊ दे. आज मला फक्त झोप हवी आहे." मग त्या फिटरकडे वळल्या. "तुमचं नाव यात कुठंही नाही. फक्त एका ठिकाणी आहे, की यांनी वेळेवर सांगितलं होतं. मेहुण्याला भेटायला किती वाजेपर्यंत सोडतात?"

"सात."

"मग जा. बायकोला बरोबर घेऊन जा. या पानाची नक्कल देते, तिला वाचायला द्या. मी पाठवलं म्हणून तो तिथं गेला, असं तुम्ही म्हणता. हे वाचल्यावर तिला कळेल कोणी कोणाला कुठं पाठवलं ते."

जाताना दारात थांबून फिटरनं सदऱ्याचं बटण नीट लावलं.

मुलीनं आणि उद्या-नक्कीनं मिळून पानं चापात ओवली. फाटक्या पानाला काकांनी मागून पट्टी चिकटवली, अर्थात स्केल लावून. बाईंनी अनुक्रमणिका समोर धरून शेवटचं मोजलं. बावीसपैकी बावीस.

स्टेशनाच्या वाटेवर त्यांनी घरी फोन लावला. बाळ गप्प होतं.

"चमच्यानं अर्धी वाटी प्यायला," मुलगी कुजबुजली. "आता डोळा लागतोय त्याचा."

"येताना एक नंबरचं निपल घेऊन येते."

"एक? पुरेल का गं त्याला?"

"पुरेल," बाई म्हणाल्या. "दुकानदाराचं बरोबर होतं. चुकलं माझं."

आईच्या तोंडून हे वाक्य मुलीनं आजवर ऐकलं नव्हतं.

"ये लवकर," ती म्हणाली. "तू आलीस की मग मी झोपते."